नीसच्या किनाऱ्यावर पहिली सुट्टी: कधी जावं, कुठे उतरावं, समुद्रात कसं शिरावं

युरोपच्या सहलीत फ्रान्सचा दक्षिण किनारा बहुतेकांच्या वाट्याला एका दुपारपुरता येतो. बस थांबते, समुद्रासमोर फोटो होतात, मोनॅकोचा कॅसिनो बाहेरून बघून होतो आणि संध्याकाळी गाडी इटलीच्या रस्त्याला लागते. असे जाऊन आलेल्यांना काय आवडलं विचारलं, तर पाणी फार निळं होतं, यापलीकडे त्यांना फारसं सांगता येत नाही. ते पाणी खरंच निळं आहे, पण त्याच्याशी ओळख व्हायला चार-सहा दिवस लागतात.

टूर कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून पहिल्यांदाच तिकडे जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नीस हे एकच गाव मुक्कामाला धरा, बॅग एकदाच उघडा, आणि दिवसाचं वेळापत्रक प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून न ठरवता समुद्राकडे बघून ठरवा.

आधी महिना ठरवा

इथे आपल्या लोकांची सर्वांत जास्त निराशा होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना घेऊन निघायचं तर मे हाच सोयीचा. पण मे महिन्यात नीसच्या समुद्राचं तापमान 17-18 अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या बारमाही कोमट पाण्याची सवय असलेली मुलं पळत जातात, गुडघ्यापर्यंत शिरतात आणि किंचाळत परत येतात. हवा मात्र सुंदर असते. चालायला, गावं बघायला, बाजार हिंडायला मे उत्तम. पोहायचं मनात असेल तर मे टाळा.

मे महिन्याच्या मध्यावर शेजारच्या कान गावात चित्रपट महोत्सव असतो. मोनॅकोची मोटार शर्यत पूर्वी मेच्या शेवटी व्हायची, 2026 पासून ती जूनच्या सुरुवातीला गेली आहे. या दोन्ही आठवड्यांत हॉटेलांचे दर पार बदलून जातात. तारखा पक्क्या करण्याआधी हे दोन कार्यक्रम कधी आहेत ते बघाच.

जूनच्या उत्तरार्धात पाणी 21-22 अंशांवर येतं आणि सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सगळ्यांत ऊबदार, पण निम्मा फ्रान्स तिथेच आलेला असतो. मला विचाराल तर सप्टेंबर. समुद्राने उन्हाळाभर साठवलेली ऊब अजून टिकलेली असते आणि गर्दी घरी परतलेली असते. गणपती आटोपून निघणाऱ्यांना सप्टेंबरचा शेवट मिळाला तरी पाणी अजून पोहण्याजोगं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे या किनाऱ्यावरचे सर्वाधिक पावसाचे महिने. आपल्यासारखी झड लागत नाही, पण काही तासांत धो धो कोसळून जातो. फेब्रुवारीत पाणी 13 अंशांवर असतं. तेव्हा नीसचा कार्निव्हल आणि जवळच्या मांतों गावाचा लिंबू महोत्सव बघायला जावं, पोहायला नव्हे. तसंही हे गाव वाढलं ते हिवाळ्यातल्या उन्हासाठी. उत्तरेकडच्या थंडीतून पळून आलेल्या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इथे समुद्राकाठचा रस्ता बांधून घेतला, म्हणून त्याचं नाव प्रोमेनाद देझांग्ले, इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. 2021 साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही हिवाळी विश्रामाचं शहर म्हणूनच.

व्हिसा आणि पोचणं

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे. फ्रान्ससाठी मुंबई आणि पुणे दोन्हीकडे अर्ज देता येतो. प्रौढांचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरला निघायचं तर मे महिन्यातच भेटीची वेळ शोधायला लागा, कारण कागद तयार असूनही वेळ न मिळाल्याने अडकलेले लोक मी पाहिले आहेत. मोनॅकोसाठी वेगळा व्हिसा नाही. त्याच व्हिसावर रेल्वेने इटलीतही जाऊन येता येतं, पण त्या दिवशी पासपोर्ट जवळ असू द्या.

भारतातून नीसला थेट विमान नाही. दुबई, पॅरिस किंवा फ्रँकफर्टला बदलून जावं लागतं. पॅरिसला बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे पुढच्या विमानासाठी हाताशी किमान तीन तास ठेवा. नीसचा विमानतळ अगदी समुद्रात भराव घालून केलेला आहे. उतरताना बहुधा उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. तिथून ट्रामची दोन नंबरची लाइन शहराच्या मध्यावरून थेट बंदरापर्यंत जाते. टॅक्सीला शहरापर्यंत ठरावीक भाडं आहे. बसण्याआधी चालकाला ते विचारून घ्या.

खोली कुठे घ्यावी

रेल्वे स्टेशन आणि प्लास मासेना चौक यांच्या मधल्या पट्ट्यात, किंवा बंदराजवळ. दोन्हीकडून ट्राम जवळ आणि समुद्र चालत गाठता येतो. जुन्या नीसमधल्या गल्ल्या फोटोत फार मोहक दिसतात, पण तिथल्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते आणि रात्री उशिरापर्यंत खालच्या उपाहारगृहांचा आवाज वर येतो. आईवडील बरोबर असतील तर तिथे घेऊ नका. शाकाहारी कुटुंबाने छोटं स्वयंपाकघर असलेली खोली बघावी. सकाळचा चहा-नाश्ता आणि एक वेळचा वरणभात घरी झाला तर खर्चही आटोक्यात राहतो आणि दुपारी जेवणाची शोधाशोध होत नाही.

पहिल्या दिवशी कुठेही बाहेरगावी जाऊ नका. संध्याकाळी किल्ल्याच्या टेकडीवर चढा. किल्ला आता नाही, 1706 साली चौदाव्या लुईने तो पाडून टाकला. पण वरून पश्चिमेला देवदूतांच्या उपसागराची पूर्ण कमान आणि पूर्वेला बंदर दिसतं, आणि आपण कुठे आलो आहोत ते एका नजरेत कळतं. पायऱ्या नको असतील तर पायथ्याच्या बेलांदा बुरुजापाशी लिफ्ट आहे.

समुद्रात शिरण्याआधी

कोकणातल्या किनाऱ्यावर वाढलेल्यांच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत. काही वेळा त्या धोक्याच्याही ठरतात.

पहिली गोष्ट, भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पावसाळ्यातल्या उधाणाला मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीचे इशारे निघतात. नीसला दिवसभरात पाणी वीतभर वरखाली झालं तर झालं. भूमध्य समुद्राला महासागराशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम 14 किलोमीटर रुंद आहे, आणि एवढ्या अरुंद दारातून महासागराची भरती आत पोचत नाही. त्यामुळे पंचांग बघून समुद्रावर जायची गरज नाही. सकाळी टॉवेल जिथे अंथरला तिथे तो संध्याकाळीही कोरडाच असतो.

दुसरी गोष्ट, नीसला पुळण नाही. सगळा किनारा मुठीएवढ्या करड्या-पांढऱ्या गोट्यांचा. अनवाणी चालणं अवघड, आणि उन्हात गोटे चांगलेच तापतात. रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट घ्या. तिथल्या खेळाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळतात. बसायला पातळ चटई पुरत नाही, जाड काहीतरी हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडे गणपतीपुळ्याचा अपवाद सोडला तर बहुतेक ठिकाणी लांबवर उथळ पाण्यात चालत जाता येतं. नीसला चार-पाच पावलांत पाणी छातीशी येतं आणि पुढच्या दोन पावलांत पाय टेकत नाहीत. आल्प्सचे डोंगर इथे सरळ समुद्रात उतरतात, आणि तोच उतार पाण्याखालीही पुढे जातो. पोहता येत नसेल तर नीसच्या मुख्य किनाऱ्यावर कंबरेच्या पुढे जायचं नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावा. मुलांच्या बाबतीत हात धरून उभं राहणं हाच एक उपाय.

वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून सुटला की लाटा थेट गोट्यांवर आपटतात. अशा दिवशी आत जाणं सोपं आणि बाहेर येणं कठीण. पायाखालचे गोटे लाटेबरोबर मागे सरकतात, माणूस उभा राहू शकत नाही आणि पुढची लाट त्याला तिथेच पाडते. बाहेर यायचंच असेल तर लाटेच्या पाठीवरून पुढे या आणि ती मागे फिरण्याआधी हातापायांवर रांगत वर चढा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तिथले लोकही तसंच करतात. त्याहून बरं म्हणजे झेंडा बघा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात प्रदूषण किंवा त्रासदायक जीव आहेत असं समजा. जीवरक्षक साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात. त्याआधी किंवा नंतर गेलात तर झेंडाही नसेल, तेव्हा स्वतःचा अंदाज स्वतःच घ्यावा लागतो.

त्रासदायक जीव म्हणजे मुख्यतः एक छोटी जांभळट जेलीफिश. तिचा चटका बसला तर चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका, दोन्हीने आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाच्या चौकीवर जा. खडकाळ जागी काळे काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात, तिथेही तेच रबरी बूट वाचवतात.

एवढं वाचून कोणी घाबरू नये. हे पाणी सवयीचं झालं की त्याच्यासारखं दुसरं नाही. नद्यांतून येणाऱ्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून ते अरबी समुद्रापेक्षा थोडं खारट आहे आणि अंग त्यात सहज तरंगतं. गाळ नाही, त्यामुळे मानेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात. ज्याने आयुष्यभर कोकणचं मातकट पाणी पाहिलं आहे, त्याने पोहण्याचा चष्मा लावून एकदा तरी मान पाण्याखाली घालावी. पोहणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत जावं. वारा पडलेला असतो, पाणी सपाट असतं, आणि तिथले म्हातारे लोक रोजच्या नेमाने पोहायला आलेले असतात. त्यांना "बोंजूर" म्हणून तुमचाही दिवस सुरू करा.

कपड्यांची चिंता अनेक बायकांना असते. पोहण्याचा पूर्ण पोशाख, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि टीशर्ट, काहीही चालतं; समुद्रावर तुमच्याकडे कोणी बघत बसत नाही. तिथल्या काही बायका कंबरेच्या वर काही न घालता ऊन खातात. ते तिथे साधं समजलं जातं, तेव्हा कॅमेरा खाली ठेवा आणि मुलांनाही तसं सांगून ठेवा. उलट, पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडणं वाईट दिसतं आणि कित्येक नगरपालिका त्यासाठी दंड करतात. किनाऱ्याचा काही भाग खाजगी असतो, तिथे खुर्ची-छत्रीचे चांगलेच पैसे पडतात. शेजारचा सार्वजनिक भाग फुकट, आणि पाणी दोघांचं एकच. जवळचे पैसे आणि फोन एकाने सांभाळावे, बाकीच्यांनी पोहावं, मग अदलाबदल.

न पोहणाऱ्यांचा आणि मुलांचा किनारा

मुलं बरोबर असतील तर नीसवर अडून बसू नका. पूर्वेला रेल्वेचं पहिलं-दुसरं स्टेशन विलफ्रांश-स्युर-मेर, जेमतेम सात-आठ मिनिटं. स्टेशनच्या खालीच भरड वाळूचा किनारा आहे, उपसागर तिन्ही बाजूंनी आडोशाचा, त्यामुळे लाटा मवाळ. पश्चिमेला आंतीब गावाच्या तटबंदीच्या आत ग्राव्हेत नावाचा छोटासा वाळूचा किनारा आहे, तिथे पाणी शांत असतं. त्याच्या डोक्यावरच्या ग्रिमाल्दी वाड्यात 1946 साली पिकासोने काम केलं होतं आणि आता तिथे त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे. सकाळी चित्रं, दुपारी पाणी, असा दिवस मला फार आवडतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं. नीसमधली मातीस आणि शागाल या चित्रकारांची संग्रहालयं मंगळवारी बंद.

रेल्वेच्या आधाराने

गाडी भाड्याने घेऊ नका. पार्किंग मिळत नाही आणि किनाऱ्यालगतचा रस्ता उन्हाळ्यात मुंगीच्या गतीने सरकतो. रेल्वे मात्र पाण्याला चिकटून धावते. नीसहून पूर्वेला जाताना उजव्या बाजूला बसा. मोनॅको वीस-पंचवीस मिनिटं, मांतों चाळीसच्या आत, पश्चिमेला आंतीब आणि कान तासाच्या आत. तिकीट स्टेशनवरच्या यंत्रातून काढता येतं. सकाळी साडेनऊ-दहाच्या मोनॅकोच्या गाड्या खचाखच भरतात आणि खिसेकापू त्याच निवडतात, म्हणून एक गाडी आधीची धरा. संपाच्या दिवशी गाड्या कमी होतात, आदल्या संध्याकाळी फोनवर वेळापत्रक बघायची सवय ठेवा.

मोनॅकोला अर्धा दिवस पुरतो. राजवाड्यापुढे पहारा बदलतो तो 11 वाजून 55 मिनिटांनी, तेवढं बघून पुढे निघा. मांतोंला मात्र वेळ द्या. डोंगराच्या आडोशामुळे तिथे लिंबू-संत्र्यांच्या बागा टिकतात, जुनं गाव पिवळ्या-नारिंगी रंगांत समुद्रावर चढत गेलं आहे, आणि नीसच्या मानाने सगळं निवांत.

चालणाऱ्यांनी बोल्यू स्टेशनला उतरून समुद्राकाठच्या सपाट वाटेने साँ-जाँपर्यंत जावं आणि तिथून काप फेरा या भूशिराला वळसा घालावा. एका बाजूला धनिकांचे बंगले, दुसऱ्या बाजूला खडक आणि पाणी. वाट सार्वजनिक आहे, एक पैसा लागत नाही. सावली कमी, म्हणून पाणी भरपूर घ्या. समुद्र खवळलेला असेल तर वाट बंद ठेवतात. कानहून बोटीने पंधरा मिनिटांवर सेंत-मार्गरीत बेट आहे. तोंडावर मुखवटा चढवलेला तो प्रसिद्ध अनामिक कैदी 1687 पासून 1698 पर्यंत तिथल्या किल्ल्यात होता, आणि त्याची कोठडी बघता येते. शेजारच्या सेंत-ओनोरा बेटावर ख्रिस्ती मठ आहे, तिथले साधू आजही द्राक्षं पिकवतात.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

नीस शाकाहारी माणसाला उपाशी ठेवत नाही, पण थोडं विचारून खावं लागतं. इथला रस्त्यावरचा खाऊ म्हणजे सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजून वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याला भट्टीचा धूर लागला तर जसं लागेल तसं. गरम असतानाच खा, गार झालं की मजा गेली. त्याच पिठाच्या तळलेल्या कांड्या म्हणजे पानिस. भोपळ्याच्या फुलांची भजी मिळतात. चार्ड या पालेभाजीची पानं, मनुका आणि चिलगोजे घातलेला गोड 'पाय' (pie, भट्टीत भाजलेला पदार्थ) मिळतो, ऐकायला विचित्र, खायला छान.

फसवणारे पदार्थ दोन. पिसालादियेर हा कांद्याचा 'पाय' शाकाहारी दिसतो, पण त्यात अँचोव्ही हे छोटे खारवलेले मासे असतात. नीसच्या सॅलडमध्ये आणि पाँ-बान्या या गोल पावातही टूना किंवा अँचोव्ही असतेच. "साँ व्हियांद, साँ प्वासाँ", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे शब्द पाठ करून ठेवा.

जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. दुकानात शिरताना आधी "बोंजूर", मग काय ते विचारा. तो शब्द न बोलता प्रश्न टाकला तर तिथल्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो, आणि आपल्याला वाटतं की फ्रेंच लोकच तुसडे. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. "कराफ दो" मागितलं की जग भरून पाणी फुकट मिळतं. बिलात सेवाआकार धरलेला असतो.

जुन्या नीसमधल्या कूर सालेयाचा फुलं-भाज्यांचा बाजार मंगळवार ते रविवार, आणि सकाळीच. सोमवारी तिथे जुन्या वस्तू मांडतात. टोमॅटो, जर्दाळू, ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव घ्या, समुद्रावर बसून खा. किनाऱ्यावरचे गोटे आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, फ्रान्समध्ये ते नेणं बेकायदा आहे.

एक दिवस मार्सेयसाठी

नीसहून रेल्वेने साधारण अडीच तास. पर्यटकांची जत्रा तिथे कमी, शहर मोठं आणि रांगडं. ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास वसवलेलं. मराठी माणसाला हे नाव शाळेपासून ठाऊक आहे. 8 जुलै 1910 रोजी सावरकर 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून इथेच पाण्यात उतरले, पोहत धक्क्यावर पोचले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिलं. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस ब्रिटिशांकडे कसा दिला, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आज त्या बंदराच्या तोंडाशी 2013 साली उघडलेलं म्युसेम हे भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय आहे. त्याच्या गच्चीवर आणि तिथून जुन्या सेंत-जाँ किल्ल्याकडे जाणाऱ्या पुलावर तिकीट लागत नाही. गच्चीवरून धक्के, बोटी आणि उघडा समुद्र एकत्र दिसतो. तिथे उभं राहून अंतराचा अंदाज घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या दक्षिणेला कालाँक नावाच्या पांढऱ्या कड्यांच्या खाड्या आहेत. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंद करतात, आणि सुजितों या खाडीसाठी मोसमात आधी विनामूल्य नोंदणी करावी लागते. आदल्या संध्याकाळी दोन्ही तपासा. भारताचा वाणिज्य दूतावास फेब्रुवारी 2025 पासून मार्सेयमध्येच आहे. पासपोर्ट हरवला तर पॅरिसपर्यंत धावावं लागत नाही, म्हणून त्याचा पत्ता आणि फोन निघण्याआधी लिहून ठेवा. परतीच्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळी सहाच्या सुमाराची तिकिटं आधीच काढा.